पालथा चिंचोका

प्रिय ताई,

बोर्डिंगच्या मागच्या पायरीवर बसून आपण चिंचोके घासायचो, ते आठवतं का तुला? एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासायचे, दुसरी बाजू काळीच ठेवायची. बोटांना चटके बसायचे. तुझे सगळे चिंचोके एकसारखे यायचे, माझे वाकडेतिकडे. "सपाट घास, स्टेला, नाहीतर तुझा खेळाडू लंगडेल," असं तू म्हणायचीस.

काल ज्योती घरी आली होती. माझी मुलगी माझ्या घरी आली, यात पत्र लिहिण्यासारखं काय, असं दुसरं कुणी विचारेल. तू विचारणार नाहीस. काल मृतांच्या स्मरणदिनी कबरस्तानात तुझ्यापाशी उभी होते, पण आजूबाजूला सगळी मंडळी मेणबत्त्या लावत होती. तिथे बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आपल्याला हे फुटबॉलचं वेड लावलं बोर्डिंगमधल्या दोन इटालियन सिस्टरांनी. शिवण शिकवणाऱ्या सिस्टर बियांका तुरीनच्या आणि स्वयंपाकघरातल्या सिस्टर लुचिया मिलानच्या. एरवी दोघी शेजारी बसून जपमाळ करायच्या. पण गावाकडून गुलाबी कागदाचं ते फुटबॉलचं वर्तमानपत्र आलं, की दोन दिवस आपल्या वरणात मीठ कमी-जास्त व्हायचं. तुझे टाके सरळ, म्हणून तू तुरीनची झालीस. मला पावाची गरम कड मिळायची, म्हणून मी मिलानची. एवढ्यावर आपली निष्ठा ठरली, आणि ती नगरच्या या दोन खोल्यांत जन्मभर टिकली. आहे की नाही गंमत?

तुरीनचे काळे-पांढरे, म्हणून तुझे चिंचोके. मिलानचे लाल-काळे, म्हणून माझ्या गुंजा, काष्टीच्या बाजारातून आणलेल्या. मिलानच्याच दुसऱ्या, निळ्या-काळ्या क्लबला आपण दोघी मिळून नावं ठेवायचो आणि त्यांच्या खेळाडूंसाठी वाल वापरायचो. रोम, नेपल्स वगैरे सगळे हरभरे.

इटलीचा संघ जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी ओसरीवर तुझ्या जुन्या निळ्या साडीचा तुकडा अंथरायचा आणि आपला संघ मांडायचा. दाणा ठेवून बोट उचललं, की माघार नाही. का निवडला, ते मोठ्याने सांगायचं. पांढरी बाजू वर असेल तर खेळाडू धडधाकट. जायबंदी असेल तर चिंचोका पालथा, काळी बाजू वर, आणि त्याची जागा मैदानावर नाही, पितळेच्या वाटीत.

भागाबाई भाजीची पाटी उतरवून बघत बसायची. "लई झालं की बाई तुमचं. ती इटली सगी न्हाई, सोयरी न्हाई, आन् तिच्यापायी भैनी भैनी भांडताय."

तू म्हणायचीस, "भागाबाई, सोयरी असती तर एवढं भांडता आलं असतं का?"

घरच्यांवरून मात्र आपण भांडलो, ताई. एकदाच.

तू शाळेत खेळाच्या बाई होतीस. मुलींचा जिल्ह्याचा संघ निवडायचं काम तुझ्याकडे आलं, तेव्हा ज्योती दहावीत होती. तिच्यासारखा पाय जिल्ह्यात दुसऱ्या मुलीचा नव्हता, हे मी आई म्हणून नाही म्हणत, तूच म्हणायचीस. दहा नंबरचा शर्ट तिलाच मिळणार, असं सगळी शाळा धरून चालली होती. तू फळ्यावर नावं लिहिलीस, आणि त्यात तिचं नाव नव्हतं.

मी तुला विचारलं. तू हरभरे निवडत होतीस. "निवड झाली," एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, "घरची मुलगी घेतली तर लोक काय म्हणतील, याची भीती वाटली ना तुला?" तू हरभरे निवडत राहिलीस.

ज्योतीने पुन्हा कधी चेंडूला पाय लावला नाही. पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरी, तिथेच संसार. घरी यायची ती तू शाळेत असशील अशा वेळी. तू निवृत्त झालीस, मग तर मीच पुण्याला जायला लागले. जाताना तू नाचणीच्या लाडवांचा डबा द्यायचीस. तो कुणी केला, ते ती विचारायची नाही आणि मी सांगायची नाही.

पुढे एका विश्वचषकाच्या वेळी इटलीच्या त्या शेंडीवाल्या खेळाडूचा वाद झाला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तो मैदानावर परतला होता, सगळी इटली त्याला घ्या म्हणून ओरडत होती, आणि कोचने त्याला वगळलं. मी रडायच्या बेताला आले होते. तू एकटी कोचच्या बाजूने उभी राहिलीस. "ओरडणाऱ्यांना काय, त्यांना एक महिना खेळ बघायचाय," म्हणालीस. "त्या गुडघ्यावर त्याला पुढे जन्मभर चालायचंय."

मी काय बोलले, ते तुझ्या लक्षात असेल. "तुला घरची पोर दिसली नाही, तुला तो कुठून दिसणार?"

तू उठून दिवा लावलास. त्या दिवशी संघ अर्धाच राहिला.

तरी आपण मांडत राहिलो. सलग दोन विश्वचषकांना इटली पात्रच ठरली नाही, तरी कापड अंथरलं. "जायचं नसलं म्हणून काय झालं, निवड चुकायला नको," असं तू म्हणालीस. आणि दर वेळी वाटीत तुझा एक चिंचोका पालथा पडलेला असायचा. खेळाडू बदलले, कोच बदलले, तो तिथेच. मी विचारायची, "हा कोण गं कायमचा जायबंदी?" तू म्हणायचीस, "आहे एक. बरा होईल."

तू गेलीस त्याला आता एक पावसाळा झाला. घर तसं शांत आहे, पण तू त्यातून नीट गेलेली नाहीस, ताई. तुला समालोचकाची बडबड आवडायची नाही, म्हणून तू टीव्हीचा आवाज बंद करून स्वतः बोलायचीस. मी अजून आवाज बंदच ठेवते. मुकाट सामना बघता बघता मध्येच "अगं, डावीकडे मोकळा आहे तो" असं अगदी कानाशी ऐकू येतं. मी बघते, तर डावीकडे खरंच कुणीतरी मोकळा असतो. खिळ्यावरची तुझी शिट्टी वारा नसताना हलते. पाद्रीसाहेबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुला तरी का सांगते आहे, तुला ठाऊकच असेल.

काल दुपारी कापड अंथरलं, त्या पालथ्या चिंचोक्यासकट वाटी शेजारी ठेवली. तुझ्या वाटणीचे खेळाडूही मीच ठेवले, तुझी कारणंही मीच मोठ्याने सांगितली. अकरापैकी दहा जण झाले. दहा नंबरची जागा तू नेहमी शेवटी भरायचीस, तिथे माझा हात धजेना. ती तशीच ठेवून मी भागाबाईची भाजी घ्यायला मागच्या दारात गेले. तिने मेथीची जुडी पुढे टाकली आणि म्हणाली, "ताई गेल्या, तरी इटली काय सुटंना तुमची." मी मेथी घेऊन तिथूनच आत जाऊन पाणी प्यायले, आणि ओसरीवर आले.

ज्योती कापडापाशी बसली होती. पुण्याहून आलेली, खांद्याची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. आणि दहा नंबरच्या जागेवर चिंचोका होता. पालथा. वाटी रिकामी होती.

"तू ठेवलास हा?" मी विचारलं.

"नाही गं. मी आले तेव्हा होताच." तिने माझ्याकडे पाहिलं. "का? पालथा का आहे?"

"मावशीचा आहे. जायबंदी खेळाडू. कोण, ते तिने कधी सांगितलं नाही."

"कधीपासून आहे?"

मी आठवून सांगितलं, "तुला संघात घेतलं नाही, त्या वर्षापासून."

 मग तिचा हात स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर गेला.

"आई, तो मी आहे."

मग तिने सांगितलं. गुडघ्यात पाणी झालं होतं. सरावाच्या वेळी ती खाली बसली, की तिला उठता यायचं नाही. ते तू पाहिलंस. आईला सांगायचं नाही, अशी तिने तुला मरियामातेची शपथ घातली.

"तू माझे बूट चुलीत घातले असतेस," ती म्हणाली.

"घातले असते," मी म्हटलं.

"मला वाटलं, शपथ पाळायची म्हणजे ती मला संघातही घेईल. तिने शपथ पाळली आणि मला घेतलं नाही. सुट्टीत शिबिराच्या नावाखाली मला पुण्याच्या दवाखान्यात तिनेच नेलं. एस.टी.त आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. आई, माझा पाय तिने वाचवला आणि मी तिला तोंड दाखवलं नाही."

ताई, सांगायचं होतंस गं. एका पोरीची शपथ इतकी वर्षं कुणी पाळतं का? मी तोंडाला येईल ते बोलले, तेव्हा तरी सांगायचं होतंस. दोन हातांवर तर बसायचीस तू माझ्यापासून. की तुला वाटलं, तिचं तिनेच सांगितलं पाहिजे? तुझ्या खुर्चीकडे बघून सकाळपासून हेच विचारते आहे. आज मात्र तू गप्प आहेस.

संध्याकाळी आम्ही दोघी तुझ्याकडे आलो. मेणबत्ती तिने लावली. वाऱ्याने विझली, पुन्हा लावली. निघायच्या आधी तिने ओसरीवर एक गोष्ट केली होती, ती तुला दिसली असेल. वाकून तो चिंचोका तिने उताणा केला, पांढरी बाजू वर. आणि बोट उचललं. "का निवडला, ते सांगावं लागतं," मी म्हटलं. ती म्हणाली, "बरा झालाय."

आज उजाडताच मी आधी ओसरीवर गेले. चिंचोका तसाच होता, पांढरा. तू तो पुन्हा पालथा केला नव्हतास. म्हणजे तुला निवड मान्य आहे, असं मी धरते.

माझ्या हातपायांत जोर आहे तोवर दर संघाच्या आदल्या दिवशी कापड अंथरलं जाईल, आणि तुझी बाजू मी माझ्या बाजूइतकीच जोरात मांडीन, हा शब्द देते. माझ्यामागची वाटणी अशी ठरवली आहे. शिट्टी शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या आहेत, त्यांना. पितळेची वाटी भागाबाईला. तिचा तिच्यावर फार दिवस डोळा आहे. माझ्या गुंजा माझ्याबरोबर शवपेटीत. तुझे चिंचोके आणि निळं कापड ज्योतीला. दहा नंबरचा तेवढा मी दिला नाही. तो ती आज सकाळी न विचारताच घेऊन गेली.

तुझी मिलानवाली,
स्टेला