मोठ्यानं म्हटलेली प्रार्थना

बाबा, यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात मी शाळेच्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, सांगितलं की मी ख्रिस्ती आहे. तुम्हाला यात काय विशेष वाटणार. तुम्ही तर उभ्या अमरावतीला ते रोज सांगत होतात. पण मला अकोल्यात येऊन बावीस वर्षं झाली आणि तुम्हाला जाऊन एकोणीस, आणि एवढ्या वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ते कसं निघालं ते तुम्हाला सविस्तर सांगायचं आहे.

तुमचा दवाखाना मला अजून जसाच्या तसा दिसतो. सकाळी नऊ वाजता तुम्ही औषधांच्या खिडकीशी येता, बाहेर रांग लागलेली असते, कोणी वलगावहून बैलगाडीनं आलेलं, कोणी शहरातलंच. बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवून ठेवलेल्या असतात. खिडकी उघडून तुम्ही आधी टोपी काढता, डोळे मिटता आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना करता. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या मागे स्टुलावर बसलेली असे. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कंपाउंडर, कोणाशी बोलून राह्यले?" तुम्ही म्हणालात, "येशूशी. तुमच्यासाठीच मांगून राह्यलो." तो म्हणाला, "मंग माह्या गुडघ्याचं बी सांगा ना." तुम्ही पुन्हा डोळे मिटून त्याच्या गुडघ्याचंही सांगितलंत. रांगेतलं कोणी हसलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी दहा वर्षांची होते आणि वर्गातल्या दोन मुली त्या रांगेत उभ्या होत्या.

बाबा, ती लाज मी माझ्यासोबत अकोल्याला आणली. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी आडनाव विचारलं. आपलं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि मी ते ठरवू दिलं. टिकलीचं पाकीट त्याच संध्याकाळी विकत आणलं. रविवारी चर्चला, उपासनेला जाताना मी "मावशीकडे जाते" म्हणायची. अकोल्यात आपली कुठली मावशी. आपल्या त्या देवळातही मागच्या बाकावर बसायची आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडायची, कोणी फाटकाशी आपल्या ख्रिस्ती रीतीनं 'सलाम' म्हणून हात पुढे करू नये म्हणून. मी खोटं बोलत नव्हते, फक्त सांगत नव्हते, असं स्वतःला समजावत राहिले, आणि ते जमतही गेलं.

मग तिसऱ्या वर्षी तुम्ही आलात. शाळेत चित्रकला शिकवणारी माझी मैत्रीण, तिनं आपल्याला घरी जेवायला बोलावलं. बार्शीटाकळीच्या रस्त्याला त्यांचे फुलांचे मळे आहेत, घर मळ्यातच. तिच्या आईनं ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि तुम्ही पाहुणे म्हणून मुद्दाम पुरणपोळी केली होती. पानं वाढून झाली. तुम्ही डोळे मिटले, हात जोडले, ओठ उघडणार तोच मी म्हटलं, "बाबा, पोळी गार होऊन राहिली." तुम्ही डोळे उघडले नाहीत. मैत्रिणीच्या आईनं घाबरून विचारलं, "काय झालं यायले?" आणि मी सांगितलं, "साखर आहे त्यांना. अधूनमधून चक्कर येते." तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. तिच्या आईनं लगबगीनं तुमच्यापुढची पुरणपोळी उचलली आणि भाकरी ठेवली. तुम्ही ती भाकरी खाल्लीत.

बसस्टँडवर अमरावतीची गाडी लागलेली होती. पिशवी खांद्याला लावून तुम्ही म्हणालात, "मले चक्कर नव्हती आली, पोरी. तू मले आजारी केलं, त्याचं काही नाही. पण ज्या देवाच्या हातचं खातो त्याची ओळख सांगाले तुले भेव वाटते, हे काहून?" मी म्हटलं, बाबा, तुमचे दिवस वेगळे होते. तुम्ही म्हणालात, "दिवस सारखेच असतात," आणि गाडीत चढलात. खिडकीतून हात हलवलात, चेहऱ्यावर राग नव्हता. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं.

आता स्टाफरूमचं. यंदा आमच्याकडे चिखलदऱ्याकडची एक नवीन शिक्षिका आली. गणित शिकवते, कमी बोलते. पहिल्याच आठवड्यात तिनं मधल्या सुट्टीत डबा उघडला, डोळे मिटले आणि पुटपुटत प्रार्थना केली. मी आतून हलले, बाबा. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे घरी करत जा. इथं नवीन प्रकार नको." कोणीतरी म्हणालं, "आज प्रार्थना, उद्या पोरांना पुस्तकं वाटतील." मुख्याध्यापक तिथेच होते, ते म्हणाले, "वाद नको बुवा शाळेत." दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसू लागली.

मी तीन दिवस स्टाफरूमच्या खिडकीतून तिची पाठ बघत जेवले. तिसऱ्या दिवशी तर माझ्या डब्यातलं अर्धं तसंच राहिलं. चौथ्या दिवशी मी डबा उघडला आणि उभी राहिले. का उभी राहिले कोणास ठाऊक, बसून आवाज निघाला नसता बहुतेक. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हटलं, "बापा, या अन्नाबद्दल तुझे आभार मानते. या खोलीतल्या सगळ्यांना आणि बाहेर बसलेल्या माझ्या बहिणीला आशीर्वाद दे. येशूच्या नावानं मागते. आमेन." डोळे उघडले तर चौदा माणसं हातातला घास हातात ठेवून माझ्याकडे बघत होती. पंखा तेवढा फिरत होता.

सर म्हणाले, "बाई, तुम्ही?"

"मी ख्रिस्ती आहे सर. जन्मापासून. माझे वडील अमरावतीला दवाखान्यात कंपाउंडर होते, ते रोज रांगेसमोर प्रार्थना करायचे."

"अहो, पण बावीस वर्षांत बोलला नाहीत?"

"भ्याले होते," मी म्हटलं. "आता नाही भीत."

बाबा, 'आता नाही भीत' हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलून गेले आणि मग कळलं की ते खरं आहे. दार ओलांडून व्हरांड्यात गेले, तिचा डबा माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "चल आत. माझ्या शेजारी बस." ती आली. मुख्याध्यापक खाकरले, खुर्ची थोडी सरकवून त्यांनी तिला वाट दिली आणि म्हणाले, "जेवा, जेवा. सुट्टी संपते." एवढंच झालं. सर अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. त्या दुपारी मी सातवीच्या वर्गावर इतिहास शिकवत होते आणि मला मोठ्यानं गावंसं वाटत होतं.

दुखलं ते दुसरीकडे. माझी मैत्रीण त्या दिवशी टेबलाच्या कडेला बसलेली होती. ती नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी घरी आली, पाणीसुद्धा न घेता खुर्चीवर बसली आणि विचारलं, "तुह्या बाबांले त्या दिवशी चक्कर आली नव्हती ना?"

"नाही."

"माह्या मायनं त्यायच्या तब्येतीसाठी अकरा चतुर्थ्या धरल्या होत्या. गेले तेव्हा रडली होती ती, माह्या उपासाले यश नाही आलं म्हून."

ती म्हणाली, "तू कोणाले मानतेस याचं मले काही नाही. पण बावीस वर्षं माह्या घरी जेवली अन् आमाले परकं समजली. आमी काय तुले हाकलून देलं असतं?" मी तिच्यासमोर रडले आणि माफी मागितली. मग तिच्या आईकडे जाऊन मागितली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, नंतर म्हणाली, "म्हंजे ते पुरणपोळी खाऊ शकत होते?" मी मान हलवली. "अवं, मंग मी काहून उचलली," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली, आणि शेवटी आम्ही तिघीही हसत सुटलो.

पुनरुत्थानाच्या दिवशी, ईस्टरला, पहाटेच्या उपासनेला मी मागच्या बाकावर बसले नाही. पाळकांना आधीच सांगून ठेवलं होतं, मैत्रिणीच्याही कानावर घातलं होतं. मी पुढे गेले आणि साक्ष दिली: दवाखान्याची खिडकी, टिकलीचं पाकीट, खोटी मावशी, बसस्टँड, सगळं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता, मला कळत होतं. अर्ध्यावर आले असताना दारातून मैत्रीण आत आली. तिच्या डोक्यावर मोगऱ्याची आणि निशिगंधाची भरलेली टोपली, हाताशी म्हातारी आई. मैत्रीण दारातूनच म्हणाली, "कुठं ठेवू? तुमच्यात फुलं चालतात ना?" सगळं देऊळ वळून बघायला लागलं. पाळक म्हणाले, "चालतात बाई, आजच्या दिवशी तर पाहिजेतच," आणि गणिताच्या त्या शिक्षिकेनं उठून टोपली उतरवली. मग गीत सुरू झालं. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात गायले नव्हते, बाबा. मरण हरल्याची ती बातमी मी लहानपणापासून ऐकत आले होते, त्या सकाळी ती मीच चार माणसांना सांगत होते. बाहेर फाटकाशी जो भेटेल त्याला मी आधी हात पुढे करून सलाम केला.

तुम्ही हे सगळं बघायला हवं होतं असं मी म्हणणार नाही, तुम्ही बघितलं असणार असंच मी धरून चालते. हे पत्र म्हणूनच कुठे पाठवायचं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, नाहीतर मी फार शूर झाले असं तुम्हाला वाटेल. परवा अमरावतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं सहज विचारलं, "तुमी कोन्या देवाचं करता?" आणि पहिल्यांदा माझा आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मात्र मी असं सांगितलं की पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं.