पोर्चवरचा पिवळा दिवा

सव्हाना, जॉर्जिया
शनिवार, १७ मे २०२५

चि. संग्राम,

तुला, स्वानंदीला आणि ओजसला माझे आशीर्वाद.

आज सहाला उठले. चहा घेतला, कुंड्यांना पाणी घातलं. नऊ वाजता पार्कातल्या शनिवारच्या बाजारात चालत गेले. भेंडी घेतली आणि यंदाचे पहिले पीच घेतले. परत येताना ऊन कडक झालं होतं, म्हणून चौकात ओकच्या सावलीत थोडा वेळ बसले. घरी येऊन भेंडीची भाजी आणि दोन पोळ्या केल्या. दुपारी झोप लागली. आता साडेचार झालेत आणि मी बाबांच्या टेबलाशी बसून लिहिते आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतोस आणि मी "बरं", "बघू", "हो" म्हणत राहते. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की मला ते म्हणायचं नव्हतं. शिवाय तुला मराठी वाचायला वेळ लागतो. या वेळी तो लागावा, अशीच माझी इच्छा आहे. अक्षर मोठं काढते आहे. कुठे अडलं तर स्वानंदीला विचार.

ओजस पालथा पडायला लागला, तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा पाहिला. मान छान धरतो. पलंगावर एकटा ठेवू नका आता.

तू पाठवलेले घर विकायचे कागद मी उघडून पाहिले. सह्यांच्या जागा तू पिवळ्या करून ठेवल्या आहेस, त्यामुळे काही शोधावं लागलं नाही. ब्रोकरबाई दोनदा येऊन गेल्या. बोलायला चांगल्या आहेत. आपल्या वस्तीतल्या गुन्ह्यांचा नकाशा तू पाठवलास, तोही पाहिला. आपल्या घराभोवती बरेच लाल ठिपके आहेत. त्यातला एक आपलाच आहे, दोन वर्षांपूर्वी गाडीची काच फोडून माझी पर्स नेली तो. तेव्हा मी आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते, हे तुला आठवत असेल.

त्यामुळे ही गल्ली अगदी निर्धास्त आहे, असं मी तुला लिहिणार नाही. उन्हाळ्यात कधी कधी जो आवाज येतो तो फटाक्याचा आहे, असं आम्ही एकमेकांना सांगतो. ओकच्या मुळांनी फुटपाथच्या विटा वर आल्या आहेत, चालताना खाली बघावं लागतं. टुरिस्टांच्या गाड्या दिवसभर फिरतात आणि आपल्या शेजारच्या घरात भूत आहे, असं भोंग्यावरून सांगतात. तिथे एक दातांचा डॉक्टर राहतो.

पण मला दुसरंच सांगायचं आहे. फेब्रुवारीपासून सुरुवात करते.

माणूस गेल्यावर घरात तेरा दिवस दिवा ठेवायचा असतो, म्हणून मी स्वयंपाकघरात समई काढली. तू म्हणालास, "आई, नको. घर लाकडाचं आहे, एकशे वीस वर्षांचं. अलार्म वाजेल, फायरब्रिगेड येईल." मी म्हटलं, मग काय करायचं? तू म्हणालास, "पोर्चचा दिवा ठेव ना चालू. बाबांचाच आहे तो." किडे येऊ नयेत म्हणून बाबांनी तिथे पिवळा बल्ब लावला होता. मला ते पटलं. आपण तो दिवसरात्र चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला दार वाजलं. तूच उघडलंस. समोरच्या घरातल्या मिस लोरेटा होत्या, हातात कॉर्नब्रेड. तिसऱ्या दिवशी तीच वेळ, दुसरं कोणी, लाल भात. चौथ्या दिवशी पालेभाजी आली. तू दोनदा वाढून घेतलीस आणि म्हणालास, "आई, ही कसली भाजी आहे, रेसिपी विचार." रेसिपी मी नंतर विचारली. त्यात डुकराचं मांस असतं. तू सुतकात होतास, मी बोलले नाही. आता हसू येतं.

सहा दिवसांनी तू गेलास. जायलाच हवं होतं, ओजस जेमतेम महिन्याचा होता. तू गेल्यावरही रोज सव्वाआठला दार वाजत राहिलं. कोणी बसत नसे. "कशी आहेस, मिस प्रतिमा?" एवढं विचारायचं, डबा द्यायचा आणि जायचं. इकडे मानाने बाईच्या नावाआधी मिस लावतात, आपल्याकडच्या ताईसारखं. मला वाटलं, इकडची ही रीत असेल. तेराव्या दिवशी संध्याकाळी मी दिवा बंद केला. चौदाव्या दिवशी नऊ वाजेपर्यंत दाराकडे बघत बसले. कोणी आलं नाही. मला वाटलं, लोकांचं संपलं. त्या दिवशी मी फार रडले, बाबा गेले त्या दिवसापेक्षा जास्त. आणि त्याच दिवशी तुला फोन करून म्हटलं, घर विकून टाकू.

मग एप्रिलमध्ये एका सकाळी पोर्चचा रात्री लावलेला दिवा बंद करायला विसरले. सव्वाआठला कोणी तरी जोरजोरात दार वाजवायला लागलं.

"मिस प्रतिमा! ऊठ बाई! की बसचा हॉर्न वाजवू?"

मिस लोरेटांनी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, त्यांचा आवाज तुला माहीत आहे. दार उघडलं तर गाउनवर कोट घालून उभ्या. हातात काही नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते तू सांगायचं. सव्वाआठ झाले आणि तुझा दिवा चालू आहे."

"विसरले बंद करायला."

"मग ठीक आहे. मेलेली माणसं विसरत नाहीत." त्या पायरीवर बसून गुडघे चोळायला लागल्या. "शहात्तर वर्षांच्या बाईला रस्ता ओलांडून पळायला लावलंस."

"दिव्यासाठी पळालात?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मिस्टर रवीनं तुला काही सांगितलं नव्हतं?"

मग त्यांनी सांगितलं. मी स्वानंदीच्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले, त्याच डिसेंबरात कोपऱ्यावरचे म्हातारे मिस्टर कर्टिस घरात मरून पडले होते. चार दिवसांनी कळलं. बाबांनी जानेवारीत गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या लोकांना आपल्या पोर्चवर बोलावलं. अकरा घरं. बाबांनी सगळ्यांना चहा दिला, आल्याचा, आणि नियम केला. संध्याकाळी पोर्चचा दिवा लावायचा. सकाळी आठच्या आत बंद करायचा. आठनंतर कोणाचा दिवा चालू दिसला, तर ज्याची पाळी असेल त्याने जाऊन दार वाजवायचं. उत्तर आलं नाही तर एकमेकांकडे ठेवलेल्या जादा किल्लीने उघडायचं. बंदरावर क्रेनच्या देखभालीचे तक्ते ते करायचे, तसाच वारांचा तक्ता त्यांनी केला. मिस लोरेटांच्या फ्रिजवर तो अजून आहे, बाबांच्या अक्षरात.

मी विचारलं, "मग फेब्रुवारीत तुम्ही रोज यायचात ते..."

"दिवा दिवसरात्र चालू होता ना तुझा. पहिले दोन दिवस आम्ही घाबरूनच आलो. मग कळलं, तुमच्यातला काही रिवाज असणार. बुधवारवाला म्हणाला, आता कशाला जायचं, तिचा मुलगा आहे घरात. मी म्हटलं, नियम मिस्टर रवीचा आहे. दिवा चालू, तर दार वाजवायचं. आणि दुःखाच्या घरी हात हलवत कसं जायचं?"

म्हणजे तेरा दिवस आपण बाबांसाठी दिवा ठेवला होता आणि गल्लीला तो मदतीची हाक वाटत होता. चौदाव्या दिवशी कोणी आलं नाही, कारण दिवा बंद होता. त्यांच्या हिशेबी मी ठीक होते.

इथपर्यंतचं मी तुला फोनवरही सांगितलं असतं. पुढचं सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

तू म्हणतोस की बाबांच्या हट्टापायी आईला या वस्तीत राहावं लागलं, आणि त्याच हट्टापायी ते एकटे असताना गेले. विमानतळावर म्हणालास, परवा पुन्हा म्हणालास. मी दोन्ही वेळा गप्प राहिले. मला ते सोयीचं होतं.

दोन फेब्रुवारीचा रविवार. तू ओजसला घेऊन वर गेला होतास, मी खाली किचनमध्ये बाबांशी फोनवर बोलत होते. ते खुशीत होते. म्हणाले, "अगं, आपल्या गल्लीत आम्ही एक नवीन गोष्ट सुरू केली आहे, ऐक तरी." मी म्हटलं, "मला नाही ऐकायची. तुमची गल्ली तुम्हाला लखलाभ. मी आता परत येणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर तुम्ही इकडे या."

ते म्हणाले, "येणारच नाहीस?"

मी म्हटलं, "नाही."

मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?" मी हो म्हणून फोन ठेवला. सोमवार, मंगळवार, बुधवार मी फोन केला नाही. त्यांनीही केला नाही. गुरुवारी तुझा फोन वाजला.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मिस लोरेटांनी बाबांना पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली, एवढंच आपल्याला माहीत होतं. पुढचं मी तीन महिने विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. एक मे रोजी शिरा करून त्यांच्याकडे गेले आणि विचारलं.

गुरुवार त्यांचा वार. आठ वाजून पाच मिनिटांनी दिवा चालू दिसला, म्हणून दार वाजवलं, मग किल्लीने उघडलं. बाबा स्वयंपाकघरात कपाटाला पाठ टेकून खाली बसले होते. चहा उतू गेला होता. मिस लोरेटांनी गॅस बंद केला, फोन केला आणि बाबांच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. ॲम्ब्युलन्स यायला बारा मिनिटं लागली.

संग्राम, बाबा शुद्धीवर होते. एकटे नव्हते.

"बोलत होता सगळा वेळ," मिस लोरेटा म्हणाल्या. "तुमच्या भाषेत. मला एक अक्षर कळलं नाही. पण माणूस काही तरी विचारतोय, हे आवाजावरून कळतं ना? पुन्हा पुन्हा विचारत होता. म्हणून मी हो म्हणत गेले. हो, मिस्टर रवी. हो. शेवटी जरा हसला. मग स्ट्रेचरवर घालून नेलं त्याला." मग त्यांनी मला विचारलं, "मी चुकले का गं? काय विचारत होता ते माहीत नसताना हो म्हणायला नको होतं का?"

मी म्हटलं, "नाही. बरोबर उत्तर दिलंत तुम्ही."

रविवारी मी त्यांना नाही म्हटलं होतं. गुरुवारी त्यांना हो ऐकायला मिळालं. ज्या बाईने ते म्हटलं, तिचे उपकार मी कसे फेडू? शिरा मात्र तिला आवडला.

रविवार, सकाळ

काल इथे थांबले. पुढे लिहवेना.

रात्री चांगली झोप लागली. आता राहिलेलं लिहिते.

मी कागदांवर सही करणार नाही. रागावू नकोस. तुझ्या काळजीची मला किंमत नाही असं नाही. उलट, काळजी करणारा मुलगा आहे म्हणून मी बळ धरून आहे. भीती अजून वाटते. पर्स गाडीत ठेवत नाही, अंधार पडल्यावर चालायला जात नाही. पण तक्त्यात मंगळवार बाबांचा होता आणि तो रिकामा पडला होता. मी मागून घेतला. मंगळवारी आठला मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाते आणि अकरा पोर्च बघून येते. गेल्या मंगळवारी दातांच्या डॉक्टरच्या आईचा दिवा चालू होता, ती टोकाच्या घरात एकटी राहते. घाबरत दार वाजवलं. तिला नुसती सर्दी झाली होती. दुपारी तिला तूप-मिरं घालून मऊ भात नेऊन दिला. "हे औषध आहे की जेवण?" म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही.

तुमच्याकडे रेडमंडला राहून मला हे करता येणार नाही.

ओजसच्या उष्टावणाला जुलैत येते. तीन आठवडे राहीन. माझे मंगळवार मिस लोरेटा बघणार आहेत, तसं ठरलं आहे. बाबांची चांदीची वाटी घेऊन येते, खीर त्यातच देऊ. परतीचं तिकीटही काढ.

माझ्या त्या फोनबद्दल तुला काय वाटेल ते वाटू दे. पण बाबांना हट्टी म्हणू नकोस. त्यांनी अकरा घरांसाठी सोय केली आणि पहिला उपयोग त्यांनाच झाला. मला तर रोज होतो आहे.

स्वानंदीला म्हणावं, डिंकाचे लाडू संपले असतील तर कळव. तब्येतीला जप.

तुझी,
आई

ता. क. आठला सात मिनिटं कमी आहेत. पाकीट नंतर बंद करते, आधी पोर्चवर जाऊन दिवा बंद करून येते.