दादाचं रक्त तपासायचंय

शेणवा, ता. शहापूर
८ फेब्रुवारी २००४

कुंडलिकदादा, तुझ्या मैनाचा नमस्कार.

मी माझ्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून अकरा वर्षं तू माझ्याशी बोलला नायस. तरी आज लिहिते.

गेल्या वर्षी कल्याणला माझ्या पोटाची सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये आठ मिलिमीटरची गाठ दिसली. मला आपली आईच आठवली. तिचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, तेव्हा कुठे आपण तिला दवाखान्यात नेलं होतं. मी तिथंच रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी लहान गाठ बहुतेक वेळा साधीच निघते. पण तुमच्या रक्तात 'बी' प्रकारच्या काविळीचा विषाणू आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी बघत राहायचं."

चार वेळा बघितलं, दादा. काल पण आठच मिलिमीटर. मी हसले, तर बाईंनी विचारलं, "हा विषाणू आईकडून मुलांना येतो. भावाचं रक्त तपासलंत का?" भाऊ बोलत नाय, हे परक्या बाईला कसं सांगू? तू अंगानं दणकट आहेस, पण दणकट मीही होतेच.

हे पत्र टाकणार नाय. माझं अक्षर बघून तू ते चुलीत घालशील. रविवारी मीच मुरबाडला येते. घरात घेतलं नायस तर अंगणात उभी राहीन, पण तुला तपासणीला नेल्याशिवाय माघारी फिरणार नाय.

तुझी धाकटी,
मैना