टॅब तोडलेली कॅसेट

१२ एप्रिल २०२६, रविवार. सकाळी ८

आजपासून रोजनिशी. इतिहास आपण लिहून ठेवला नाही तर तो गौरांग लिहील.

गौरांग म्हणजे आमचा मुलगा. घरीच लॅपटॉपवर नोकरी करून राहिला आहे. त्याने काल बैठकीत एक बोलका डबा आणून ठेवला. गाणं सांगायचं, तो लावतो. म्हणे कोट्यवधी गाणी आहेत त्यात. माझ्याकडे ४१२ कॅसेट आहेत आणि चारशे बाराही ऐकलेल्या आहेत. कोट्यवधी कोण ऐकणार, आणि आंघोळ कधी करणार?

शिवाय डब्याला आपली मराठी समजत नाही. मधेच अडकला म्हणून विचारलं, काहून अडकला रे? त्याने ‘कानून’ ऐकलं आणि हिंदीत जमिनीच्या वादाची माहिती देऊ लागला. थांब म्हटलं. थांबला नाही. थांबा, म्हटलं, मान देऊन. तरी नाही. शेवटी सूनबाईंनी, म्हणजे संपदाने, स्वयंपाकघरातून ‘रुको’ म्हटलं तेव्हा गप्प बसला. ज्याला साधं थांब कळत नाही त्याला गाणं काय कळणार.

ठराव १: डब्याशी बोलायचं नाही.

१३ एप्रिल, सोमवार

डब्याशी बोललो. फक्त आवाजाची परीक्षा म्हणून. तीन गाणी ऐकली. ठीक.

३ मेला आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात. गौरांगने महाराष्ट्र मंडळाचा छोटा हॉल घेतला आहे, चाळीस माणसं. म्हणाला, बाबा, प्लेलिस्ट मी करतो. मी म्हटलं, तू जेवणाचं बघ.

त्या दिवशी हॉलमध्ये एकच गोष्ट वाजेल. ‘विभावरी स्पेशल, १९९१’.

ही कॅसेट काय आहे ते लिहून ठेवतो. मी विभाला बघायला अमरावतीला गेलो. चहा, पोहे, चार प्रश्न. तेव्हा मी फॅक्टरीत नवा, आणि पॉप म्युझिकमध्ये जुना. जबलपुरात पॉप मी आणला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. घरी येऊन रेडिओवरून निवडक बारा गाणी भरली, प्रत्येक गाण्याच्या आधी माझं स्वतःचं निवेदन, आणि कॅसेट तिच्या भावाच्या हाती पाठवली. आठव्या दिवशी होकार. याला पुरावा म्हणतात.

वरून, पाठवण्याआधी मी कॅसेटचे मागचे दोन्ही प्लॅस्टिकचे टॅब तोडले होते. टॅब तोडला की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. (त्या भोकात कागदाचा बोळा कोंबला की भरता येतं, पण हे फक्त जाणकारांना माहीत. मी आजवर विभाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.)

ठराव २: पस्तीस वर्षांचा संसार कशावर उभा आहे ते लोकांना ऐकवायचं.

१६ एप्रिल, गुरुवार

अडचण एकच. कॅसेट वाजवायचा डेक २०१९ पासून बंद आहे. बंद म्हणजे विश्रांतीवर. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही, म्हणूनच इतका चांगला राहिला.

बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात, डेक दुरुस्त करणाऱ्या चंद्रशेखर भैयांकडे घेऊन गेलो. एके काळी त्यांच्या दुकानात पंचवीस डेक उघडे पडलेले असायचे. आता मोबाईलची कव्हरं लटकून राहिली आहेत. त्यांनी डेक उघडला, आत फुंकर मारली, म्हणाले, भाईसाहब, बेल्ट गल गया, रोलर भी घिस गया, ये टेप चबा जाएगा. कोई अच्छी कैसेट मत डालना इसमें.

माणूस खचला आहे. धंदा बदलला की माणसाची श्रद्धाही बदलते. डेक परत आणला.

विभाने विचारलं, झाला का दुरुस्त? सहा वर्षांपासून विचारून राहिली आहे, टेप दुरुस्त करा, टेप दुरुस्त करा. वरवर दाखवत नाही, पण माझ्या गाण्यांची तिला ओढ आहे.

१९ एप्रिल, रविवार

विभा आणि संपदा भाजीला गेल्या तेव्हा कॅसेट शोधली. चोरी नव्हे, सरप्राईज. विभाच्या लोखंडी पेटीत सगळ्यात खाली सापडली, तिच्या आईच्या चष्म्यासोबत, एका मऊ ब्लाउजपिसात गुंडाळलेली. सासूबाईंना जाऊन तेवीस वर्षं झाली. त्यांच्या चष्म्याशेजारी माझी कॅसेट. डोळ्यांत पाणी आलं, खोटं काहून बोलू.

आणखी एक. दोन्ही टॅबच्या भोकांत तिने कागदाचे बोळे घातले आहेत. धूळ जाऊ नये म्हणून. किती जपावं माणसाने.

२२ एप्रिल, बुधवार

गौरांगने पुन्हा तोच विषय काढला, कॅसेटी मोबाईलमध्ये भरून घेऊ. कॅसेट म्हणजे काय लोणचं आहे, या बरणीतून त्या बरणीत? त्याला बसवून समजावलं. कॅसेट संयम शिकवते. आवडीचं गाणं पाहिजे तर नावडतं सोसावं लागतं. तुम्ही लोक दहा सेकंदांत पुढे सरकवता, म्हणून तुमची लग्नंही उशिरा होऊन राहिली आहेत.

तो म्हणाला, बाबा, माझं झालं आहे.

मधे विभा म्हणाली, अहो, निदान एक कॅसेट तरी त्याला भरू द्या. कोणती ते विचारलंच नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

ठराव ३: तत्त्व सोडायचं नाही.

२६ एप्रिल, रविवार. दुपारी ४

डेक चालू! चंद्रशेखर भैयांना जमलं नाही ते मी केलं. बेल्टच्या जागी कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बसवला. एका भजनाच्या कॅसेटवर परीक्षा घेतली, अकरा मिनिटं चालली. आवाज थोडा बारीक येतो, पण त्याने बुवा तरुण वाटले. संपदाने दारातून कान झाकले. अनवट स्वर तिला झेपत नाहीत.

‘विभावरी स्पेशल’ आधी ऐकून बघावी का? नाही. पहिलं ऐकणं सर्वांसमोर. आणि मला ती तोंडपाठ आहे.

३० एप्रिल, गुरुवार

पाटी करवून घेतली: ‘कार्यक्रमात मोबाईल बंद ठेवावेत. आज खरं संगीत आहे.’ गौरांग म्हणाला, लोकांना वाईट वाटेल. वाटू दे. बोलक्या डब्याला मंडळाच्या हॉलमध्ये प्रवेश नाही हेही सांगून टाकलं. त्याने मुकाट मान हलवली. विभासारखीच मान हलवतो.

भाषण तयार. वीस मिनिटं. गाण्यांच्या मधे निवेदन वेगळं. संपदाला म्हटलं, माझं भाषण तेवढं मोबाईलवर घे. पाटी इतरांसाठी आहे.

३ मे, रविवार. सकाळी ७

आज.

४ मे, सोमवार

लिहीन म्हणतो.

५ मे, मंगळवार. सकाळी

लिहितो. रोजनिशी कुणी वाचत नाही हे बरं.

हॉल भरलेला. भाषण बावीस मिनिटं, पण लोक बसले, कारण जेवण नंतर होतं. मग मी विभाला पुढच्या खुर्चीवर बसवलं, माईक डेकच्या स्पीकरपुढे ठेवला आणि म्हटलं, ऐका, हा होकार का मिळाला. बटण दाबलं.

थोडी खरखर. मग गाणं नाही. एका बाईचा आवाज. कोथिंबिरीच्या रबरामुळे बारीक, पण ओळखू येणारा. विभा. वय चोवीस.

आई, म्हणाली, तुला ती कॅसेट आठवते ना, यांनी लग्नाआधी पाठवलेली, आपल्याकडे टेपच नव्हता म्हणून जी कुणीच ऐकली नव्हती? तिच्यावरच भरून राहिले आहे. आता दादाने टेप घेतला तर तू पत्रासारखं ऐक. इथे सगळं ठीक आहे. माणूस चांगला आहे. क्वार्टरमध्ये नळ घरातच आहे, मी हो म्हटलं ते बरं केलं. फक्त हे रोज गाणी लावतात आणि मधे मधे बोलतात. एक गाणं धड ऐकू देत नाहीत. मी नुसती मान हलवते.

हॉलमध्ये हसू. आधी मागे, मग सगळीकडे. मंडळाचे अध्यक्ष रुमाल काढून हसून राहिले होते.

मग, ठेवते आता, आई. आणि त्यानंतर माझाच १९९१ चा आवाज, पुसायचा राहिलेला, तीन शब्द: खास आपल्यासाठी सादर. त्यावर तर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

मला गप्प बसता आलं नाही. कुणालाही आलं नसतं. माईक उचलला आणि म्हटलं, मंडळी, ही थोडी तांत्रिक अडचण आहे, कॅसेट बदलली गेली असावी, त्या काळी टॅब तोडण्याचं शास्त्र असं होतं की. आणि टॅबचं शास्त्र सांगू लागलो. टेपमधून दुसरी कुणी बाई बोलून राहिली होती, म्हातारी, वऱ्हाडी. मी लक्ष दिलं नाही.

विभा उभी राहिली. हात वर केला. म्हणाली, थांबा.

मी थांबवला. टेप. ताबडतोब.

ती मला म्हणून राहिली होती.

बटण दाबल्यावर रबर घसरला. डेकच्या पोटात कचकच झाली. ढक्कन ओढून उघडलं तर कॅसेट बाहेर आणि फीत आत. मी पेनाने सोडवायला गेलो. तुटली. आईच्या आवाजाची होती ती फीत, हे विभाने नंतर जेवताना सांगितलं. आईने परत पाठवलेलं उत्तर. कॅसेट हीच एक. दुसरं काही नाही आवाजाचं.

जेवण चांगलं होतं म्हणतात.

७ मे, गुरुवार

चंद्रशेखर भैयांकडे गेलो. त्यांनी दिवा जवळ ओढला. सेलोटेपच्या बारीक पट्टीने फीत जोडून दिली. म्हणाले, जितना खिंच गया, उतना गया. आपल्या एका चालू डेकवर वाजवून दिली. गौरांगला मीच सोबत नेलं होतं. मीच म्हटलं, भरून घे मोबाईलमध्ये. लोणच्याचा विषय त्याने काढला नाही.

सासूबाई बोलतात. विभे, तुझा निरोप पोचला. पापड पाठवून राहिले. दमट हवेत ठेवू नको. जावयांना सांभाळ. आणि एक गोष्ट लक्षात ठेव. इथून पुढे नुसती खरखर. मग, बरं, ठेवते.

एवढंच ताणलं गेलं होतं. एक वाक्य.

८ मे, शुक्रवार

आशा! संपदाचा मोबाईल भाषणापासून चालूच होता. म्हणजे ते वाक्य त्यात आहे. भाषण तेवढंच घे म्हटलेलं तिने ऐकलं नाही, देव तिचं भलं करो.

दुपारी सगळ्यांनी मिळून ऐकलं. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, सासूबाई म्हणतात. आणि त्याच क्षणी, माईकवरून, खणखणीत: त्या काळी टॅब तोडण्याचं शास्त्र असं होतं की.

खाली काहीतरी ऐकू येतं. बाईचा आवाज आहे एवढं कळतं.

गौरांगला विचारलं, तुमच्या या ॲपमधून माझा आवाज पुसता येतो का. त्याने संध्याकाळपर्यंत खटपट केली. पुसता येतो, म्हणाला, पण आजीचाही जातो. आवाज मात्र माझा फार स्वच्छ आला आहे. हे मी आपलं लिहून ठेवतो.

९ मे, शनिवार. सकाळी ७

विभा गॅलरीत बसते, कानात त्या पांढऱ्या गोळ्या घालून. तिथपर्यंत ऐकते, परत पहिल्यापासून लावते.

मी विचारलं, काय म्हणाल्या होत्या सासूबाई? कोणती गोष्ट लक्षात ठेव?

ती म्हणाली, आठवत नाही हो. म्हणून तर सहा वर्षं म्हणून राहिले होते, टेप दुरुस्त करा.

मी खुर्ची ओढली. मग तिने एक गोळी काढून मला दिली. कानात घातली, बसलो. पापड पाठवून राहिले, सासूबाई म्हणाल्या. मला एकदम आठवलं, ते पापड उडदाचे होते, आणि मी ते तिला सांगितलं.

तिने गोळी परत घेतली.

ठराव ४: मधे बोलायचं नाही. उद्यापासून.