मैदान मुलींचेच राहील

मी, श्रीमती कुमुद रंगनाथ सोनवणे, वय त्र्याहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार इंदिरानगर, नाशिक, माझ्या मालमत्तेची माझ्यामागे काय व्यवस्था व्हावी हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करायला सवड मिळेल असे दिसत नाही.

१. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्यावर ज्याचा विश्वास नसेल त्याने मी हयात आहे तोवर येऊन मला कालच्या बेसबॉल सामन्यात अमेरिकेतल्या संघाने थकलेला पिचर वेळेवर का बदलला नाही, हे विचारावे. मी कारण सांगेन आणि ते कारण कसे चुकीचे होते हेही सांगेन.

मृत्युपत्रात 'कोणाच्याही दबावाखाली न येता' असे लिहायची रीत आहे. मी खोटे लिहिणार नाही. दबाव आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझा मुलगा ललित याने जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे दार बसवून घेतले. मी वर, कुलूप बाहेरून, किल्ली त्याच्या खिशात.

"आई, जिन्यात पडलीस तर?"

"तर उठेन."

"आणि नाही उठलीस तर? शेजारचे मलाच बोलतील ना."

तो औषधे वेळेवर आणतो, डाळिंब सोलून पाठवतो, आवाज चढवून बोलत नाही. काळजीने लावलेल्या कुलपाची तक्रार कोणत्या चौकीत करायची? मी कुठेच केली नाही. खिडकीतून पार्किंग दिसते आणि शेजारच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे दिसतात. गेले कित्येक महिने माझे नाशिक एवढेच आहे.

सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी मृत्युपत्र न करता गेले तर एकुलता वारस म्हणून सर्व काही ललितकडे जाईल आणि माझ्या पंचवटीतल्या मैदानाभोवती महिन्याभरात बिल्डरचे पत्रे लागतील. ते होऊ नये म्हणून हे लिहिले आहे. दबावातून लिहिलेले नाही, दबाव असूनही लिहिले आहे, एवढाच फरक न्यायालयाने ध्यानात घ्यावा.

२. माझे यजमान रंगनाथ यांनी इंदिरानगरचा दुमजली बंगला त्यांच्या मृत्युपत्राने मला दिला. पंचवटीत मखमलाबाद रस्त्यालगतचा वीस गुंठ्यांचा मोकळा भूखंड मी माझ्या पगारातून घेतला. त्या वेळी तिकडे कोणी फिरकत नसे. यजमान म्हणाले होते, "एवढ्या जागेत करणार काय?" मी म्हटले, "मुलींच्या खेळाचे बेस टाकणार." त्यांनी पुन्हा विचारले नाही. नवरा म्हणून त्यांच्यातला हा मोठा गुण होता.

३. सदर भूखंड, म्हणजे मैदान, मी गोदा मुलींचे बेसबॉल मंडळ या नोंदणीकृत संस्थेस कायमचे देत आहे. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, लग्नाच्या मांडवाला तर मुळीच देता येणार नाही.

मी महाविद्यालयात सॉफ्टबॉल खेळले, विद्यापीठाच्या संघाची पिचर होते. क्रिकेटमध्ये जो गोलंदाज, तोच इथे पिचर. बेसबॉलविषयी तेव्हा नुसते वाचायला मिळे. आता अमेरिकेतले सामने पहाटे मोबाइलवर दिसतात आणि मी एकही सोडत नाही. माझा संघ कोणता ते सांगत नाही. तो हरतो, एवढे पुरे.

मंडळाची प्रशिक्षक अदिबा शेख हिला पुढील सूचना आहेत. त्या मैदानाबरोबरच तिच्याकडे जातात.

एकाच पिचरला लागोपाठ दोन दिवस उतरवायचे नाही. त्यापायी चषक गेला तर जाऊ दे. चषक पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला जातो, मुलीचा खांदा परत कोणी देत नाही.

स्पर्धेपुरत्या बाहेरून तयार मुली आणायच्या नाहीत. गेल्या वर्षी अदिबाने आणली. फोनवर म्हणाली, "बाई, एकच आणली हो. काय मारते बघा, चेंडू थेट द्राक्षबागेत!"

"आणि तिच्यासाठी बसवलीस कोणाला?"

"सुरगाण्याच्या आशाला. ती काही बोलली नाही."

"ती बोलणार नाही. ती येणार नाही."

आशा पुन्हा आली नाही. आपण चषक घेतला, फोटो काढला आणि तीन वर्षे घडवलेली मुलगी घालवली. याला संघबांधणी म्हणत नाहीत.

संघ बांधायला कॅचरपासून, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या मुलीपासून, सुरुवात करावी. लोकांचे डोळे पिचरवर असतात. पण सगळे मैदान समोर ठेवून बसलेली मुलगी संघात एकच असते, आणि ती कॅचर. ती शांत असेल तर बाकीच्या आठजणी शांत राहतात.

पिचरला वेग शेवटी शिकवावा. आधी नेम, मग संथ चेंडू. हात त्याच झपाट्याने फिरला पाहिजे, चेंडू मात्र रेंगाळत गेला पाहिजे. समोरची घाई करते, बॅट आधीच फिरवते. यात अवघड भाग हाताचा नाही, चेहऱ्याचा आहे. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. हे शिकवताना मी मुलींना हसू दिलेले नाही आणि त्याबद्दल मला खेद नाही.

४. इंदिरानगरच्या बंगल्याचा तळमजला आणि अंगण माझा मुलगा ललित यास द्यावे. तो वाईट नाही. तो वाईट व्यापारी आहे.

त्याने माझ्यापुढे बक्षीसपत्राचा मसुदा ठेवला. बंगला आणि मैदान आजच त्याच्या नावे करायचे, बदल्यात तो मला जन्मभर सांभाळणार. बेसबॉलमध्ये संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. ट्रेडविषयी माझे मत कडक आहे. ज्या दिवशी आपला खेळाडू जातो त्याच दिवशी समोरचा खेळाडू आपल्या अंगणात उभा पाहिजे. 'पुढे एखादा चांगला देऊ' या बोलीवर जो आपला पहिला पिचर देऊन टाकतो, त्याच्या हाती संघ ठेवू नये.

मी विचारले, "सांभाळणार म्हणजे काय करणार?"

"म्हणजे काय आई! आत्ता सांभाळतो तसंच."

म्हणजे जाळी कायम. मी मसुदा परत दिला. तो म्हणाला, "ती जागा नुसती पडून आहे गं. मुली काय, कुठेही खेळतील." मुलगे कुठेही खेळतात. रस्त्यावर, देवळाच्या पटांगणात, दुसऱ्याच्या शेतात. मुलींना कुठेही खेळू देतात हे मी सगळ्या नोकरीत पाहिले नाही.

बक्षीसपत्रावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. माझ्यामागे तसा कागद निघाला तर तो खोटा समजावा. ललितने मैदानाबाबत न्यायालयात वाद उभा केला, तर त्याला या पत्रान्वये मिळणारा बंगल्यातला वाटाही मंडळाकडे जावा.

५. बंगल्याचा वरचा मजला माझी सून रोशनी हिला तिच्या एकटीच्या नावे द्यावा. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला पहिल्याच आठवड्यात 'राखीव खेळाडू' म्हटले होते. तिने विचारले, "म्हणजे आई?" मी म्हटले, "बाकावर बसते ती." ती म्हणाली, "बरं आहे. बसायला तरी मिळेल." पहाटे माझ्याबरोबर सामना बघणारी या घरात तीच. चहा ठेवते आणि दारातूनच विचारते, "आज तरी जिंकतायत का?" तिच्या माहेरी आता कोणी उरलेले नाही. बाईकडे स्वतःचे एक दार असावे आणि त्याची किल्ली तिच्याच कमरेला असावी, एवढ्यासाठी हे कलम.

६. माझा धाकटा भाऊ धनराज, मुक्काम नामपूर, यास कपाटातली जांभळी साडी द्यावी. घडी मोडलेली नाही.

वडील गेल्यावर राखीपौर्णिमेला त्याने मला बोलावले. राखी बांधून झाली. त्याने ताटात साडी ठेवली आणि साडीखालून हक्कसोडीचा कागद काढला. कागदावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, आठे सही कर. सगळ्या बहिणी करतस." खरेच सगळ्या करतात. कागदात वडिलांच्या शेतातला आणि नामपूरच्या कांद्याच्या खळ्यातला माझा हिस्सा सोडल्याचे होते. समोर आई बसली होती, ताटातला दिवा अजून जळत होता, दारात भावजय पुरणाची पोळी घेऊन उभी होती. चहूकडून वाट बंद होती. पिचरने फेकलेला चेंडू अंगावर येताना दिसतो आणि तरी पाय हलत नाहीत, तसे झाले. मी सही केली. शेताच्या बदल्यात साडी. खेळाच्या इतिहासात याहून वाईट ट्रेड माझ्या पाहण्यात नाही. साडी परत मिळाली की धनराजने मला फसवले असे कोणी म्हणू नये. हिशेब पूर्ण झाला असे म्हणावे.

७. माझ्याकडचा कॅचरचा मुखवटा आणि दोन्ही हातमोजे मंडळास. बॅट अदिबाला. मोबाइल रोशनीला, सामने लावून ठेवले आहेत. शाल-श्रीफळात मिळालेल्या शाली ज्याला थंडी वाजते त्याला. माझ्या फोटोला हार घालू नये, भिंतीला खिळे पडतात.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अ‍ॅड. मेहरुन्निसा पठाण यांनी करावी. त्या माझ्या शाळेच्या पहिल्या संघाच्या कॅचर होत्या. अजूनही शांत आहेत.

९. हे कलम आज लिहीत आहे.

आज गुरुपौर्णिमा. या दिवशी जुन्या विद्यार्थिनी येतात, आणि गुरूच्या दाराला कुलूप आहे असे त्यांना सांगायची ललितची हिंमत होणार नाही, हा माझा अंदाज होता. म्हणून आजचाच दिवस ठरवला होता. मेहरुन फुले, नारळ आणि शाल घेऊन आली. शालीच्या घडीत तिचे वकिलीचे शिक्के होते. दुसरी साक्षीदार कुसाबाई गांगुर्डे, पेठची, माझ्या संघाची डावखुरी खेळाडू, पोलिसातून निवृत्त. ललितने जाळी उघडली, पण म्हणाला, "आईला गर्दी सोसत नाही. एकीनेच वर जा, बाकीच्यांनी खालूनच नमस्कार करा."

मेहरुन वर आली. कुसाबाई फाटकात राहिली. तिथून तिचा आवाज आला, "बाई, लय वर्सांनी आले हो! मी हितंच उभी हाय, जाणार नाय!"

मेहरुन हळूच म्हणाली, "बाई, साक्षीदार दोन लागतात. दोघींनी तुम्हाला सही करताना बघायला हवं."

"एवढी शिकलीस ना? मग काढ वाट."

"वाट जिन्यातून आहे बाई. आणि जिन्यात ललित उभे आहेत."

तेवढ्यात रोशनी चहा घेऊन आली. तिने ट्रे टेबलावर ठेवला, कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "मी करते सही."

मेहरुन म्हणाली, "वहिनी, यात वरचा मजला तुमच्या नावे आहे. ज्याला मिळायचंय त्यानेच साक्ष दिली, तर उद्या कोर्टात सगळ्या कागदावर संशय घेतील."

"मग मजला काढून टाका. आणि तो मोबाइलही."

मी म्हटले, "गप्प बस. हा ट्रेड मी होऊ देणार नाही. सगळं तूच देतेस. तुला मिळतं काय?"

ती म्हणाली, "आई, मजला मला मिळाला असता, पण राहिला असता का? तुम्ही गेल्यावर यांनी माझ्यापुढेही कागद ठेवलाच असता. मी सही केली असती. मला माहीत आहे ना मी. तुमच्याएवढी मी कडक नाही."

मी तिला सांगितले की मीही नव्हते.

खालून ललितचा आवाज आला, "रोशनी, झालं का? मला निघायचंय, कुलूप लावू दे."

"चहा पितायत त्या," रोशनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही.

सबब कलम ५ रद्द केले आहे. त्यावर आडव्या रेघा मारून शेजारी मी आद्याक्षरे केली आहेत. वरचा मजला आता कलम ४ प्रमाणे, त्याच अटीवर, ललितकडे जाईल. मोबाइल मंडळाकडे जाईल. रोशनीला या पत्रान्वये काहीही मिळत नाही. हे मला मान्य नाही, पण मैदान वाचवायला दुसरा मार्ग आज माझ्यापाशी नाही, आणि सोमवारच्या आधी ही जाळी पुन्हा कोणासाठी उघडेल असे वाटत नाही.

येथवर लिहिलेले सर्व मी वाचले आहे. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे, कलम ९ सोडून. तेही खरे आहे.

(सही) कुमुद रंगनाथ सोनवणे

स्थळ: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: १० जुलै २०२५

साक्षीदार

१. श्रीमती कुमुद सोनवणे यांनी आम्हा दोघींच्या समक्ष शुद्धीवर राहून सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली. कलम ५ वरील रेघा माझ्यासमोर मारल्या आहेत.
(सही) अ‍ॅड. मेहरुन्निसा पठाण, जुने नाशिक

२. वरीलप्रमाणेच. मला या पत्रातून काही मिळत नाही हे मला समजले आहे. ही सही मी कोणालाही न विचारता केली आहे.
(सही) रोशनी ललित सोनवणे, राहणार इंदिरानगर, नाशिक