देवीच्या पेटीची जीप

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.
लिहायला भाग पाडलं माझा धाकटा दीर हरेश याने. काल देवळात यात्रेची मीटिंग झाली. देवीची पेटी यंदा डोंगरावर कोण नेणार, असा विषय निघाला. हरेश चाळीस माणसांसमोर म्हणाला, "वहिनींची जीप हाय की. पन ती आता कोंबड्यांना बसायला बरी." अकरा जण हसले. मला उत्तर सुचलं ते घरी आल्यावर, भाकरी थापताना. उत्तर उत्तम होतं, पण समोर फक्त तवा होता. म्हणून ही वही.

अकरा जणांची नावं शेवटच्या पानावर लिहिली आहेत.

पेटीचा मान आमच्या घरचा. १९९४ साली यांनी सरकारी लिलावात जुनी जीप घेतली. तेव्हापासून दर चैत्र पौर्णिमेला देवीचा मुखवटा आणि लुगडं असलेली पेटी आमच्या जीपमधूनच वर जायची. ती वाट दुसऱ्या कुठल्या गाडीला जमत नव्हती. २०२१ मध्ये हे गेले. पुढच्या वर्षी जीपचं इंजिन जाम झालं. त्यानंतर मान हरेशच्या नव्या पांढऱ्या गाडीकडे गेला. मी दोन वर्षं यात्रेला गेलेले नाही. त्या दिवशी मला नेमकं धसईला काम असतं.

संकल्प:
जीपला दुसरं इंजिन बसवायचं.
१२ एप्रिलला पेटी मी स्वतः न्यायची.
हरेशला जीपमध्ये जागा द्यायची नाही. उभं राहायलासुद्धा.
मनात कुणाबद्दल राग ठेवायचा नाही.

११ फेब्रुवारी.
कोंबड्या हलवल्या. एक खुडूक बसली आहे, ड्रायव्हरच्या सीटवर. एकवीस दिवस थांबणं शक्य नाही. अंड्यांसकट टोपलीत घातली. चावली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
धसईला नथू मिस्त्रीकडे गेले. नथू माझा विद्यार्थी, २००३ ची दहावीची बॅच. सायन्सच्या पूर्वपरीक्षेत माझ्या हातून नापास झाला होता. आता नाक्यावर चिंचेखाली गॅरेज आहे. मला बघून पान्याने पाठ खाजवणं थांबवलं आणि उभा राहिला. आदर आहे अजून.

म्हणाला, "बाई, ह्या इंजिनात काय राम नाय. पिस्टन बसलेत. टेम्पोचं डिझेल इंजिन घालू, पन लय फेरफार करावा लागंल."

मी म्हटलं, फेरफार काय तो मी सांगेन, तू फक्त हात चालव. मी १९७९ ची बी.एस्सी. आहे, फिजिक्स. नथू म्हणाला, "व्हय बाई, म्हाईत हाय. इसरलो नाय."

१६ फेब्रुवारी, रविवार.
आसनगावहून मुलीचा फोन. मनस्वी म्हणते, आई, सदुसष्टाव्या वर्षी जीप कशाला, काकाला सांग, तो नेईल तुला यात्रेला. मी म्हटलं, मला नेणारे खूप झाले, मला न्यायचं आहे. फोन मीच ठेवला. वाक्य चांगलं झालं. मीटिंगमध्ये वापरायचं.

२२ फेब्रुवारी.
शहापूरच्या भंगारवाल्याकडे इंजिन मिळालं. नथूने तेल बघितलं, वास घेतला, कान लावला. मी सिरियल नंबर वाचला. दोघांच्या मते उत्तम.

आरटीओची परवानगी लागते असं नथू म्हणाला. अर्ज मी तयार ठेवला आहे. वेळ मिळाला की देईन. डोंगराच्या वाटेवर आरटीओ नसतो.

२ मार्च, रविवार.
दुसरी मीटिंग. मी उभी राहिले आणि जाहीर केलं की यंदा पेटी माझ्या जीपमधून जाईल. विरोध होईल म्हणून तीन मुद्दे लिहून नेले होते. हरेश लगेच म्हणाला, "न्या ना वहिनी, खुशाल न्या! देवीच पावली म्हनायची." म्हटलं, लेखी दे. त्याने तिथल्या तिथे, मांडीवर वही घेऊन, लिहून दिलं. वर "आभारी आहे" असंही लिहिलं.

माणूस किती घाबरला की असा वागतो, हे मला आज कळलं.

८ मार्च.
जुनं इंजिन बाहेर. चिंचेच्या फांदीला साखळी बांधून उचललं. नवीन इंजिन आत. बसत नाही. गिअरबॉक्सची भोकं आणि इंजिनची भोकं एकमेकांकडे बघतात, पण जुळत नाहीत. मधे लोखंडी प्लेट लागेल. नथू मुरबाडला लेथवर जाऊन कापून आणतो म्हणाला. किती दिवस? "हुतंय, बाई." हे मापाचं एकक नाही, असं मी त्याला दहावीतही सांगितलं होतं.

१४ मार्च, धुळवड.
नथू दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी निळा-गुलाबी उगवला. प्लेट आणली आहे. तीही गुलाबी.

१६ मार्च, रविवार.
इंजिन बसलं. बॉनेट बंद होत नाही, इंजिन चार बोटं वर येतं. बॉनेटला चौकोनी भोक पाडायला सांगितलं. हवा खेळती राहील. मूळ कंपनीला हे सुचलं नव्हतं.

चहाच्या टपरीवर हरेशचा माणूस बसलेला असतो. तीन कप चहा पितो आणि बघतो. बघू दे. जाऊन सांगू दे.

२२ मार्च, शनिवार.
मागच्या एक्सलमधून तेल गळत होतं. मी म्हटलं, खोल, साफ कर, सगळं काम एकदमच होऊ दे. आतलं दातेरी चाक, त्याला क्राऊन म्हणतात, धुऊन परत बसवताना नथू घुटमळला. म्हणाला, "बाई, क्राऊन डाव्या अंगाला व्हता असं वाटतंय."

मी सांगितलं, वाटतं नको, विचार कर. वहीत आकृती काढली. इंजिनच्या फिरण्याची दिशा, बाण, चाकाची दिशा, बाण. उत्तर उजवीकडे आलं. नथूने आकृती बराच वेळ बघितली. म्हणाला, "बाई म्हनतील तसं."

काम करताना शीळ घालत होता. काम आवडीचं झालं की माणूस खुलतो.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
इंजिन चालू झालं! पहिल्या सेल्फला! जीप चार विटांच्या रचावर उभी होती, मागची चाकं हवेत. ॲक्सिलेटर दाबला, चाकं गरगर फिरली. धूर टपरीपर्यंत गेला. हरेशच्या माणसाला ठसका लागला. नारळ फोडला. आज हरेशच्या घरी गुढीसमोर काय वातावरण असेल ते मला इथूनच दिसतं.

२ एप्रिल, बुधवार.
जीप विटांवरून खाली घेतली. मी बसले. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. जीप मागे गेली. टपरीचं बाकडं मोडलं. बाकड्यावर कुणी नव्हतं, हरेशचा माणूस नेमका उठला होता. नशीब एकेकाचं.

दुसरा गिअर: जास्त जोरात मागे. तिसरा मी टाकला नाही. रिव्हर्स टाकला: पुढे.

नथू म्हणाला, "बाई, क्राऊन उलटा बसला. येक दिवस द्या, खोलतो आन् डाव्या अंगाला घालतो."

मी विचार केला. आज एक्सल खोलला की उद्या धसईला कळणार, परवा आमच्या गावाला कळणार की बाईंची आकृती चुकली. आकृती चुकलेली नाही. जीप जुनी आहे, तिला दिशा समजत नाही.

शिवाय शास्त्र बघायला हवं. रिव्हर्स हा सगळ्यांत ताकदीचा गिअर. चढाला ताकद लागते, वेग नाही. मला पुढे जायला एक गिअर पुरे आहे. बाकीचे तीन मागे जायचे, आणि मागे मला जायचंच नाही.

निर्णय: खोलायचा नाही.

नथूच्या तोंडावर समाधान होतं. म्हणाला, "दहावीच्या पेपरात मी मोटारची आकृती काडली व्हती. तुमी तांबडा काट मारला. बरोबर व्हती ती, बाई." बावीस वर्षं मनात धरून बसला आहे. काय ही वृत्ती! मी असं कधी करत नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी.
सराव. देवळापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत, रिव्हर्समध्ये, पुढे. जीप रडल्यासारखा आवाज काढते. वेग: एक म्हैस आमच्या पुढे निघून गेली. पण ती रोज त्या वाटेने जाते.

मी जीप शेवटची १९९८ मध्ये चालवली होती, शेतात, सरळ. हात विसरलेले नाहीत. वळणं नवी आहेत.

९ एप्रिल.
पहिल्या वळणापर्यंत चढून आले. अडचण नाही. वरचं दुसरं वळण दगडाचं आहे, तिथे पुढच्या चाकांचा लिव्हर ओढायचा, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते. हे हयात असताना तसंच करायचे. आज ओढून बघितला नाही, डिझेल वाचवलं.

डोंगरावरच्या ठाकूरवाडीची सोमी वाटेत भेटली, डोक्यावर करवंदांची पाटी. जीपच्या बाजूने चालू लागली. आरामात. म्हणाली, "बाई, गाडी मागं जायचा आवाज काडते आन् जाते फुडं. तुमच्यावानीच हाय गो ही. नजर मागं, चालती फुडं." ती पुढे निघून गेली.

१२ एप्रिल, शनिवार. पहाटे ५.
आज. नऊवारी नाही, क्लचला अडकते. इस्त्रीची कॉटनची साडी, बूट. पेटी मागच्या सीटवर ठेवायची, दोरीने आवळायची. हरेश समोर आला तर बोलायचं नाही, फक्त हॉर्न. हॉर्न नथूने टेम्पोचा बसवला आहे. चांगला कर्कश आहे.

१२ एप्रिल. संध्याकाळी ५.
क्रमाने लिहिते.

सात वाजता पेटी जीपमध्ये. वाजंत्री पुढे, जीप मधे, माणसं मागे. अर्ध्या तासाने वाजंत्री दिसेनाशी झाली. मग म्हाताऱ्या पुढे गेल्या. मग मागची माणसं बाजूने निघून गेली, जाताजाता पेटीला हात लावून नमस्कार करत. "बाई, बसू का जरा? घाई झाली की उतरू," असं कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांचे आवाज ओळखू येत होते, पण हात स्टिअरिंगवर असल्यामुळे नावं लिहिता आली नाहीत.

दुसरं वळण. मागची चाकं दगडांवर घसरली. मी लिव्हर ओढला.

मागची चाकं डोंगर चढू लागली, पुढची उतरू लागली. क्राऊन फक्त मागचा उलटा होता, पुढचा एक्सल आम्ही खोललाच नव्हता. जीप जागच्या जागी थरथरली, पेटीतली घंटा वाजली, काही भोळ्या बायकांनी हात जोडले. मग खाली काहीतरी काडकन मोडलं. इंजिन बंद. वाटेत आडवी जीप. मागे राहिलेले पुढे जाऊ शकत नाहीत, पुढे गेलेले मागे येऊ शकत नाहीत. देवीची पेटी माझ्यामुळे अडली.

हरेश खालून चालत आला. घामाने सदरा चिकटलेला. त्याच्या हसण्याला द्यायचं उत्तर तयार होतं, भाकरीच्या दिवसापासून पाठ.

तो हसला नाही. वाकून जीपखाली बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, जीप इथवर आली? लय झालं! माझी तर पयल्या वळनाला टेकते."

म्हटलं, कशी टेकते? पेटी दोन वर्षं तूच नेतोस ना?

"मी कसली नेतो! मी पयल्या वळनापतूर. तिथून सोमी आन् वाडीच्या बाया डोक्यावर नेतात. मी मागून धापा टाकीत. मला तो मान नको झालाय, शुगर हाय मला. मीटिंगला म्हनूनच जीपचा विषय काडला, म्हटलं वहिनी चिडल्या तर करतील काय तरी."

मग मला कुणी सांगितलं का नाही?

"तुमी यात्रेला येत नाय. फोन उचलत नाय. पाडव्याला श्रीखंड धाडलं तर डबा न उघडता परत धाडला."

डबा मी न उघडता पाठवला, हे खरं आहे. त्यात श्रीखंड असेल हे मला माहीत नव्हतं.

सोमी दगडावर बसून तंबाखू मळत होती. म्हणाली, "तुमचं भांडान व्हईसतवर देवी उन्हात बसनार का?"

मी दोरी सोडली. हरेश हात पुढे करून उभा होता, सवयीने. मी पेटी त्याच्या हातांवरून पलीकडे सोमीला दिली. तिने चुंबळ ठेवली, पेटी डोक्यावर घेतली, जीपच्या बॉनेटवर पाय दिला, पलीकडे उतरली आणि गेली. पेटी एका हातानेही धरली नव्हती.

आम्ही दोघे मागून चढलो. तीनदा बसलो. तो आधी बसला. तीनही वेळा.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी १०.
देवळात, पंचांसमक्ष, खालीलप्रमाणे ताब्यात दिलं:

लाकडी पेटी एक, कुलूप-किल्लीसह. आत चांदीचा मुखवटा एक, हिरवं लुगडं एक, पितळी समई एक, घंटा एक.

पेटी वर नेण्याचा मान, दर साल, कायमचा.

देणार: मी. घेणार: सोमी, ठाकूरवाडीच्या वतीने. साक्षीदार: हरेश. त्याने सर्वांआधी सही केली आणि पेन खिशात ठेवताना मोठा श्वास सोडला.

हरेशला काहीही देण्यात आलेलं नाही. त्याने मागितलं नव्हतं.