पांढऱ्या नाकाच्या गायीचं मलम

लिख्टेनआउ, चाको, पाराग्वे
ता. १४ जानेवारी

सौ. अगानेथाताईस,
धाकट्या युस्टिनाचा सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुमच्या जुन्या पंथात पाप ठरलेल्या ज्या मोटारीला तुम्ही गावात शिरू दिलं नाहीत आणि वेशीबाहेर तोबोरोचीच्या झाडाखाली उभं करायला लावलंत, तिनेच आणलं. चार दिवस उन्हात उभी राहून ती इतकी तापली होती की माझ्या नवरोबाचा, डीट्रिशचा, हात चाकाला चिकटला. तरी तुमचं नूडल सूप आणि कलिंगडाबरोबरच्या तळलेल्या कणकेच्या पट्ट्या, आपले रोलकुखेन, यांची चव अजून जिभेवर आहे. आईच्या हातची चव तुझ्या हाताला आली आहे. आईचा स्वभाव मात्र तुझ्या जिभेला आला आहे.

आता मुद्द्याचं. भाऊजींच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर जी खपली आहे ती मला आवडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, दाढी करताना कापलं. कानावर दाढी कोण करतं, ताई? तू म्हणालीस, पेरणीच्या आधीपासून आहे, पडते आणि परत धरते, कधी उशीला रक्त लागतं. डीट्रिशच्या नाकावर असंच आलं होतं. डॉक्टरांनी मसुराएवढा तुकडा काढला आणि सांगितलं की हा उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आहे, वेळेवर आलात म्हणून बरं. भाऊजींना सांता क्रूझ शहरात डॉक्टरकडे ने. हे पहिलं.

दुसरं म्हणजे सोबत सनस्क्रीनच्या तीन ट्यूब पाठवते आहे. दुकानातली पोरगी मला आधी नारळाच्या वासाचं, ऊन अडवण्याचा आकडा जेमतेम आठ असलेलं तेल गळ्यात मारत होती. ते लावून बायका समुद्रकाठी मुद्दाम भाजून घेतात. मग शंभराचं दाखवलं आणि दुप्पट किंमत सांगितली. मी तिला म्हटलं, बाई, शंभराचं काही पन्नासाच्या दुप्पट काम करत नाही, मला शिकवू नकोस. आपल्यासारख्या दुधाळ कातडीच्या माणसांनी पन्नासाचं घ्यावं, उन्हाच्या दोन्ही जातींच्या किरणांना अडवणारं, घामाने न ओघळणारं आणि बिनवासाचं. ह्यात जस्ताची पांढरी पूड आहे, म्हणून चेहरा थोडा पिठाळ दिसेल. दिसू दे. उन्हात जाण्याआधी लावायचं, दर दोन तासांनी परत लावायचं, आणि कान विसरायचे नाहीत. ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका, उष्णतेने ते नासतं.

कळावे. लोभ आहेच, तो तुझ्या बोलण्यात दिसत नाही एवढंच.
तुझी युस्टिना


ग्रुनफेल्ट, सांता क्रूझ प्रांत, बोलिव्हिया
ता. ६ फेब्रुवारी

चि. युस्टिनास,
अगानेथाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आणि ट्यूब चीज न्यायला येणाऱ्या डॉन एरमोहेनेसने आणून दिल्या. त्यावर स्पॅनिशमध्ये काय लिहिलंय ते मी त्यालाच वाचायला लावलं. तो वाचता वाचता हसायला लागला. म्हणे सेनोरा, हे तर समुद्रावर कपडे काढून झोपणाऱ्या बायकांचं. बघ, कोणत्या बायकांच्या पंगतीत बसवलंस मला!

देवाने चौथ्या दिवशी सूर्य केला आणि बघितलं की तो चांगला आहे. तुमच्या चाकोतल्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांना तो चांगला वाटला नाही. असो, ज्याची त्याची नजर. आमच्या ट्रॅक्टरला लोखंडी चाकं पुरतात, तुम्हाला रबराचे टायर लागतात, टेलिफोन लागतो, घरात गारवा करणारं यंत्र लागतं, आणि एवढं सगळं करून उन्हात पाऊल टाकायचं तर तोंडाला लोणी फासावं लागतं. आमचे आजोबा हीच जमीन नांगरत होते, तीही भर जानेवारीच्या उन्हाळ्यात, आणि त्यांच्या तोंडाला घामाखेरीज काही लागलं नाही. (आजोबा नाकाच्या जखमेने गेले असं तू म्हणणार. आजोबा म्हातारे झाले म्हणून गेले.)

ह्यांना ट्यूब दाखवली. ह्यांनी वास घेतला, झाकण लावलं आणि सांगितलं की आपण नवरी नाही. आमचे उपदेशक इस्ब्रांट फेर यांना विचारलं तर त्यांनी रविवारी त्यावर अख्खं प्रवचनच दिलं. चेहरा देवाने दिला तसा ठेवावा, त्यावर रंगरोगण हा जगाचा नाद आहे, आणि जगाचा नाद आधी डबीतूनच येतो, असं म्हणाले. बोलताना त्यांचं ते सोललेलं लाल नाक इतकं चमकत होतं की पुढच्या बाकावरच्या बायका खाली बघत होत्या.

सांता क्रूझला जायला कापणीच्या दिवसांत कुणाला वेळ आहे? खपलीसाठी शहरात जायचं ही तुमची श्रीमंती.

कळावे. माया कमी नाही, पण तिला मलम लावू नकोस.
तुझी ताई


लिख्टेनआउ
ता. २७ फेब्रुवारी

सौ. ताईस सा. न.

उपदेशकांचं प्रवचन वाचून डीट्रिश इतका हसला की त्याचा तेरेरेचा गार चहा शर्टावर सांडला. ज्या माणसाचं नाक उकडलेल्या बटाट्यासारखं सोलतंय, तो चेहरा देवाने दिला तसा ठेवा म्हणतो! देवाने त्याला साल न काढलेलं नाक दिलं होतं, त्याला विचार.

एक गोष्ट तुमच्या लक्षात कशी येत नाही? तुमच्याकडे बायकांच्या गवती टोपीला परातीएवढी कड असते, आणि पुरुषांच्या टोपीला पुढे जिभेएवढी. म्हणून तुमच्या बायका सत्तरीतही गुळगुळीत आणि पुरुषांचे कान चाळिशीत कुरतडलेले. हे तुम्ही रोज पंगतीला बघता आणि त्याला परंपरा म्हणता. भाऊजींना निदान तुझी जुनी टोपी घालू दे. पण नाही, मर्दानगी कानाच्या शेंड्यावर असते ना!

थट्टा पुरे. ताई, मला भीती वाटते. रागावायचं तर रागाव, पण त्यांना डॉक्टरकडे ने. हे मी हात जोडून लिहिते आहे.

तुझी, तुला वाईट वाटलं तरी तुझीच,
युस्टिना


ग्रुनफेल्ट
ता. ११ एप्रिल

चि. युस्टिनास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या मलमाला अखेर योग्य गिऱ्हाईक मिळालं. आमची लीझे, ती काळीपांढरी गाय, तुला आठवते ना? तिचं नाक पूर्ण पांढरं आहे. ह्या उन्हाळ्यात ते भाजून लाल झालं, फोड आले, चारा खाईना. कासेला लावायचं मलम चोपडलं, काही उपयोग नाही. मग वाटलं, ती समुद्रावरच्या बायकांची ट्यूब पडलीच आहे, गायीला कसला जगाचा नाद? सकाळी आणि दुपारी लावत गेले. हळूहळू नाक बरं झालं! नवी गुलाबी कातडी आली. गावातल्या बायका बघायला येतात आणि तोंडावर हात ठेवून जातात.

उपदेशक फेरही आले. त्यांनी नाकाला बोट लावून पाहिलं, म्हणाले, जनावराच्या औषधात पाप नाही. त्यांच्या स्वतःच्या सगळ्या गायी तांबड्या, काळ्या नाकाच्या. त्यांना गरज नाही हेही त्यांनी आवर्जून सांगितलं, जसं काही तांबड्या गायी पाळणं हे त्यांचं पुण्य.

आता खरी गंमत ऐक. ह्यांनी ते पाहिलं आणि स्वतःहून म्हणाले की गायीचं औषध असेल तर माझ्या कानालाही लाव. नवरीचं चालत नव्हतं, गायीचं चालतं! पुरुषांची अक्कल कुठे बांधलेली असते ते आता तुला कळलं असेल. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते खुर्चीत बसतात आणि मी खपलीवर जाड थर देते. अजून भरलं नाही, थोडं वाढल्यासारखं दिसतं, कडा वर आल्यात. पण लीझेलाही वेळ लागला होता. तेव्हा तुझ्या डॉक्टरला सांग की आमच्याकडे गायीने निकाल लावला.

कळावे. तुझ्यावर लोभ आहेच. आज तर थोडा जास्त आहे.
तुझी ताई


लिख्टेनआउ
ता. २ मे

ताई,

नमस्कार वगैरे मागाहून. तू दिवेलागणीला सनस्क्रीन लावतेस? सूर्य बुडाल्यावर? जखमेवर?

लीझेचं नाक उन्हाने भाजलं होतं. तू ऊन अडवलंस, नाक आपोआप भरलं. भाऊजींच्या कानावर भाजलेलं नाही, तिथे रोग आहे. छत्री माणसाला भिजू देत नाही. पण भिजून ताप आलेल्याचा ताप छत्री उतरवते का? कडा वर आल्यात असं तू लिहितेस, आणि वर मला गायीचा निकाल कळवतेस! एवढी हुशार बाई, साऱ्या गावाला जिभेवर नाचवणारी, आणि गुरांच्या गोठ्यातून वैद्यकी शिकलीस!

मी येते आहे. पुढच्या शनिवारी सकाळी मोटार तोबोरोचीखाली असेल. भाऊजी तिथे आले तर ठीक. नाही आले, तर रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गात असताना मी रबराच्या टायरवर, हॉर्न वाजवत, तुमच्या अंगणात येईन. मग उपदेशकांना दुसरं प्रवचन लिहू दे.

युस्टिना


ग्रुनफेल्ट
ता. १९ ऑगस्ट

चि. युस्टिनास,
तुझ्या आगाऊ ताईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

कानाची शस्त्रक्रिया झाल्यावर तू आम्हाला सांता क्रूझहून परत आणून सोडलंस आणि गेलीस, त्यानंतर डॉक्टरांनी तपासायला काढलेल्या मानेतल्या गाठीचा निकाल यायचा होता. तो आला. डॉन एरमोहेनेसने मालकाच्या टेलिफोनवरून डॉक्टरला विचारलं आणि ट्रकच्या पायरीवर उभा राहून मला सांगितलं की गाठ स्वच्छ आहे, रोग कानातच होता, तो निघाला. मी हातातली दुधाची बादली खाली ठेवली आणि तिथेच मातीत बसले. रडले. त्या समुद्रावरच्या बायकांवर हसणाऱ्या माणसासमोर रडले, आता तो सगळीकडे सांगेल. सांगू दे.

कानाचा वरचा तिसरा हिस्सा गेला. डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते की नाताळात आला असतात तर डाळीएवढ्यावर भागलं असतं. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकलं होतं. रोज पट्टी बदलताना ऐकू यायचं, अजूनही येतं.

बायका समाचाराला आल्या. ट्वीबॅकचे पाव आणले, सूप आणलं, आणि पट्टीखाली डोकावण्यासाठी इतक्या माना वाकड्या केल्या की एकीचा स्कार्फ सुटला. कुणी म्हणालं देवाची इच्छा, कुणी म्हणालं मोटारीत बसल्याची शिक्षा. मी विचारलं की कान आधी बिघडला की मोटार आधी आली? तेव्हापासून समाचाराला येणं कमी झालंय. शांतता बरी वाटते.

हे आता माझी गवती टोपी घालून शेतात जातात. काळी रिबन तेवढी काढून घेतली, बाकी टोपी तीच, परातीएवढ्या कडेची. पहिल्या दिवशी कुंपणापलीकडच्या पोरांनी खिदळून घेतलं. हे थांबले नाहीत. दोन तासांनी घरी येतात, ओट्यावरची ट्यूब घेतात, कान, मान, हातांचे पंजे, सगळं पिठाळ करून परत जातात. सकाळी उजाडताच पहिला थर मी देते. माझ्यासाठी नवी टोपी विणायला घेतली आहे.

आता शेवटचं. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही अंगणात सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो होतो. उपदेशक फेर आले. हवापाणी झालं, ज्वारी झाली, दक्षिणेकडचा गार वारा झाला. मग हळूच म्हणाले, ते गायीचं मलम असेल तर एक ट्यूब हवी होती. मी विचारलं कोणत्या गायीला? म्हणाले, आहे एक. त्यांच्या गोठ्यात सगळ्या काळ्या नाकाच्या, हे त्यांनीच मला सांगितलेलं! युस्टिना, माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते तू ओळखशील. जन्मात एकदा अशी संधी येते. मी बी थुंकली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. नाकाच्या बाजूला मोत्यासारखं चकाकणारं वर आलेलं, मधे खपली. ह्यांच्या कानासारखंच.

ती सगळी थट्टा मी गिळली. ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि एवढंच म्हटलं की मलम घ्या, पण आधी डॉक्टर. ते ऊन अडवतं, आत शिरलेलं काढत नाही; हे मला किती महाग पडलं ते विचारा. ते म्हणाले, आधी महिनाभर लावून बघतो, लीझेला गुण आला होता ना. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा लीझे काढली. आणि शहरात गेलो तर लोक काय म्हणतील, हेही काढलं.

हे हातातल्या बिया बाजूला ठेवून उठले, माझी ती टोपी डोक्यावरून काढली, आणि उजवी बाजू उपदेशकांच्या तोंडासमोर आणून उभे राहिले.  उपदेशकांनी कानाची कापलेली कड नीट पाहिली. मग हातातली ट्यूब बाकावर ठेवली आणि मला विचारलं, चीजचा ट्रक सांता क्रूझला कधी जातो?

उद्या जातो. हे सोबत जाणार आहेत.

कळावे. पुढच्या खेपेला पन्नासाच्या, बिनवासाच्या ट्यूब जास्त पाठव. गावात पांढऱ्या नाकाची जनावरं बरीच आहेत, आणि आता एकेक करून माझ्या अंगणात येतील. माया अशीच राहू दे. मोटार मात्र अजून झाडाखालीच लाव.
तुझी ताई,
अगानेथा